एक गोळी, शंभर टँकर

मंडळी, ह्या वीकेंडचा विषय जरा वास मारणारा आहे, तेव्हा पोहे-बिहे खात वाचत असाल तर आधी ते संपवून घ्या. विषय आहे सांडपाणी. पण गंमत अशी की, मला ज्याच्याबद्दल लिहायचंय त्याला ना वास, ना रंग. सांडपाण्यातली वास मारणारी घाण कशी काढायची हे १९१४ सालीच मँचेस्टरच्या दोन केमिस्टनी दाखवून दिलं. पाण्यात हवा सोडा, जिवाणू वाढू द्या, त्यांना घाण खाऊ द्या, मग त्यांचा गाळ खाली बसवा आणि त्यातला थोडा पुन्हा टाकीत घ्या. (आपल्याकडे विरजण असंच लावतात.) आजही जगातले बहुतेक एसटीपी ह्याच तत्त्वावर नाहीतर त्याच्या चुलत भावंडांवर चालतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. आपण गोळी घेतो, ती नंतर जाते कुठे?

आमचं घर नवीन जालन्यात. ज्यांना जालना म्हणजे फक्त स्टील आणि बियाणं एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी: मधून कुंडलिका नदी जाते, एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवीन. "जालना, सोने का पालना" असं म्हणायची पद्धत आहे, पण ह्या पाळण्याला पाण्याची दोरी कायम तोकडी. प्यायचं पाणी येतं निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावातून आणि पाइपलाइनने जायकवाडीहून. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्याने मान टाकली तेव्हा काय झालं ते ज्यांनी टँकरमागे धावत पाहिलंय त्यांना सांगायला नको.

आता नकाशा उघडा. जायकवाडी गोदावरीवर. वर नाशिक. नाशिकचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं, गोदावरीत. संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी, तीही नाथसागरालाच जाऊन मिळते. तिथून पाणी आमच्या नळाला, नळातून बाथरूममध्ये, बाथरूममधून नालीत, नालीतून कुंडलिकेत. कुंडलिका दुधनेत, आणि दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना धरण. तिथून पुढे दुधना पूर्णेत, पूर्णा परत गोदावरीत. म्हणजे आपण सगळे एका लांबलचक पाइपवर बसलोय आणि प्रत्येकाचा आउटपुट हा पुढच्याचा इनपुट आहे. आपल्या प्रोफेशनमध्ये ह्याला पाइपलाइन म्हणतात आणि प्रत्येक टप्प्यावर व्हॅलिडेशन असावं असा आग्रह धरतात. नदीत ते कोण करतं?

नाथसागर प्रचंड आहे हे खरं. भरला की उपयुक्त साठाच २१७१ दशलक्ष घनमीटर, त्यात नाशिकच्या गोळ्या म्हणजे दर्या में खसखस. पण हा हिशोब भरलेल्या धरणाचा. उन्हाळ्यात कुंडलिकेत जे वाहतं त्यात पातळ करायला पाणीच नसतं, नाल्यांनी आणलेलं तेवढंच असतं. युरोपातल्या नद्यांचे आकडे वाचताना हा फरक कायम डोक्यात ठेवावा लागतो. त्यांच्याकडे ऱ्हाइन बारा महिने वाहते. आपल्याकडे दुष्काळात नदी थांबते, सांडपाणी थांबत नाही.

मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा ओळखीच्या मेडिकलवाल्या काकांना विचारलं, "काका, तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय खपतं?"

"काय खपत नाही ते विचार ना राजा," काका म्हणाले. मग बोटं मोडत सांगितलं: शुगरची गोळी, बीपीची गोळी, पित्ताची गोळी, गुडघ्याला लावायची जेल, आणि "सर्दी झाली की दोन दिवसांपुरतं अँटिबायोटिक". तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, कोर्स तिथेच संपतो.

ह्या यादीतली एकेक गोष्ट मी नंतर शोधत बसलो. शुगरची गोळी म्हणजे बहुतेक वेळा मेटफॉर्मिन. हे शरीरात बदलतच नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर येतं. एसटीपीतले जिवाणू त्याचा बराचसा भाग तोडतात, पण पूर्ण नाही; त्याचं ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं काहीतरी करून ठेवतात. पॅरासिटामॉल मात्र गुणी बाळ आहे, चांगल्या चालणाऱ्या एसटीपीत जवळजवळ सगळं संपतं. चहा-कॉफीतलं कॅफीनही तसंच. फिट्स येणाऱ्यांना देतात ते कार्बामाझेपिन ह्याच्या अगदी उलट: जिवाणू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एका दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर.

आणि गुडघ्याची जेल. तिच्यात असतं डायक्लोफिनॅक. हे नाव ओळखीचं वाटत असेल तर गिधाडांमुळे. आजारी गुरांना हे औषध टोचायचे, ती गुरं मेली की गिधाडं त्यांना खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. २००४ साली हे सिद्ध झालं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखाद-दुसरं उरलं होतं. तो मार्ग मढ्यांचा होता, सांडपाण्याचा नव्हे. पण रेणू तोच. माशांच्या किडनीलाही तो मानवत नाही, म्हणून स्वित्झर्लंडने नद्यांसाठी त्याची मर्यादा ठेवलीय लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम.

ह्या आकड्याने मला काहीच कळेना, म्हणून टँकरमध्ये रूपांतर केलं. जालन्याच्या माणसाला पाणी टँकरमध्येच कळतं. डायक्लोफिनॅकची एक गोळी ५० मिलिग्रॅमची. ती अख्खी पाण्यात विरघळवली आणि ०.०५ मायक्रोग्रॅमवर आणायची म्हटली तर १० लाख लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एका गोळीला!

थांबा, हा हिशोब थोडा अन्यायाचा आहे. पोटात घेतलेली गोळी शरीरात बरीचशी बदलते, मूळ रूपात फार थोडी बाहेर पडते. पण जेलचं तसं नाही. लावलेल्या जेलमधलं जेमतेम ६ टक्के औषध कातडीतून आत जातं. बाकीचं कातडीवर, हातावर, धोतर-लुगड्यावर, आणि तिथून आंघोळीच्या नाहीतर धुण्याच्या पाण्यात. दोन ग्रॅम जेलमध्ये साधारण २० मिलिग्रॅम औषध धरा, म्हणजे आजीच्या एका गुडघ्याचे पस्तीसेक टँकर तर कुठे गेले नाहीत.

आता एसटीपी ह्यात काय करतो? तर तो पास होतो. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत महानगरं सोडून बाकी शहरांच्या एसटीपीला बीओडी ३० पर्यंत चालत होता. २०१९ मध्ये हरित लवादाने १० करा म्हणून सांगितलं. पीएच, तरंगणारे कण, मैल्यातले जिवाणू, हे सगळं तपासतात. औषधांसाठी एकही टेस्ट केस नाही. सगळे टेस्ट हिरवे दिसतात, रिलीज होतं आणि बग प्रॉडक्शनमध्ये जातो. बिचाऱ्या ऑपरेटरचा दोष नाही, त्याला जी स्पेक दिली ती त्याने पाळली.

ह्यातला सगळ्यात भारी बग सांगतो. काही औषधांचं प्रमाण एसटीपीत शिरताना कमी आणि बाहेर पडताना जास्त दिसतं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं लॅबवाल्यांनी बाटल्यांची लेबलं बदलली. पण कारण फक्कड आहे. आपलं लिव्हर औषधाला साखरेसारखा एक तुकडा जोडून त्याला पाण्यात विरघळायला सोपं करतं आणि बाहेर काढतं. हा एक प्रकारे झिप केलेला रेणू. लॅबचं मशीन मूळ औषध शोधतं, त्याला हा ओळखू येत नाही. एसटीपीतले जिवाणू ती साखर खाऊन टाकतात, म्हणजे फाइल अनझिप करतात, आणि मूळ औषध पुन्हा हजर.

मग हे काढायचं कसं? एसटीपीच्या पुढे अजून एक टप्पा लावायचा. जगात खरोखर मोठ्या प्रमाणावर चालणारे दोनच गडी आहेत: ओझोन आणि कोळसा. बाकीचे आहेत, पण त्यांच्याबद्दल नंतर, आणि थोडक्यात.

ओझोन म्हणजे वीज कडाडल्यावर हवेत येणारा तो तिखट वास. तो साठवता येत नाही. जागेवरच ऑक्सिजनमधून विजेचा झटका देऊन बनवावा लागतो. पाण्यात सोडला की काही मिनिटं जगतो आणि तेवढ्यात दिसेल त्या दुहेरी बंधावर, दिसेल त्या अमाइनवर तुटून पडतो. कार्बामाझेपिन, ज्याच्यापुढे जिवाणूंनी हात टेकले होते, ते ओझोनपुढे क्षणभर टिकत नाही. डायक्लोफिनॅकही तसंच. मात्रा लागते लिटरमागे साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. ऐकायला किती सोपं ना?

पण ओझोनला निवड करता येत नाही. पाण्यात औषधं असतात नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये, बाकीचा सेंद्रिय गाळसाळ मिलिग्रॅममध्ये. म्हणजे हजारपट गर्दीतून चोर पकडायचा आणि पोलीस समोर येईल त्याला झोडपतोय. आधीचा जैविक टप्पा नीट चालला नसेल आणि पाण्यात नायट्राइट उरलं असेल तर एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन जवळपास साडेतीन मिलिग्रॅम ओझोन एकटंच गिळतं. औषधांना काही उरतच नाही. शिवाय ओझोन रेणू तोडतो, नाहीसा करत नाही. तुकडे उरतात, म्हणून मागे वाळूचा फिल्टर ठेवतात, त्यातले जिवाणू तुकडे खातात. आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्याचं ब्रोमेट होतं, ज्याच्यावर कॅन्सरचा संशय आहे. म्हणून ओझोन लावण्याआधी पाण्यात ब्रोमाइड किती हे बघावंच लागतं.

कोळशाचं तत्त्वज्ञान वेगळं. तो तोडत नाही, धरून ठेवतो. अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे चिमूटभर पुडीत जवळपास पाव एकर. तुमच्या घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये जी काळी कांडी असते ना, तीच ही चीज. सांडपाण्यासाठी तो एकतर पूड करून लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम टाकतात आणि गाळाबरोबर काढून जाळतात, किंवा दाणेदार कोळशाच्या थरातून पाणी सोडतात आणि थर भरला की भट्टीत ८००-९०० अंशांवर तापवून पुन्हा वापरतात. तुकड्यांची भानगड नाही, ब्रोमेटची नाही. पण रोजचा खर्च आहे. समजा एखाद्या शहराचं रोजचं २० एमएलडी सांडपाणी असेल तर १५ मिलिग्रॅमने रोज ३०० किलो पूड लागेल. दर्जेदार कोळसा नारळाच्या करवंटीचा, आणि आमच्या गावात नारळ फुटतो तो फक्त देवळात. :-) पऱ्हाट्यांपासून असा कोळसा करायचे प्रयोग संशोधक करत आलेत, आणि पऱ्हाट्यांना मराठवाड्यात तोटा नाही. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या आयसीटीचं मराठवाडा कॅम्पस आहे. तिथल्या एखाद्या मुलाने हा विषय घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे.

आरओबद्दल विचारणारच तुम्ही. आरओ जवळजवळ सगळं अडवतो, ९० टक्क्यांच्या वर. पण अडवलेलं जातं कुठे? रिजेक्टमध्ये. ते पाण्याच्या पाचवा हिस्सा तरी भरतं, त्यात क्षार आणि औषधं अजून दाट झालेली असतात, आणि समुद्र नसलेल्या गावात ते टाकायला जागा नाही. वीज लागते ती वेगळीच. एमबीआर नावाचा एक प्रकार ब्रोशरमध्ये "मेंब्रेन" म्हणून चकाकतो, पण त्याची छिद्रं जिवाणू अडवण्याएवढी. औषधाचा रेणू त्यातून हत्तीच्या दारातून मुंगी जावी तसा जातो. ह्या वाक्याबद्दल कुणी सेल्समन भेटला तर खुशाल भांडा.

आणि ऊन? स्वित्झर्लंडमध्येच ग्रायफेन्से नावाच्या तलावात १९९८ साली असं दिसलं की तलावात आलेलं ९० टक्क्यांहून जास्त डायक्लोफिनॅक नुसत्या उन्हाने संपतं. त्यांच्या उन्हाने हां! आमच्या मे महिन्याच्या उन्हात तर काय व्हायला हवं. पण त्यासाठी पाणी नितळ पाहिजे. काळ्या पाण्यात ऊन दोन बोटंही उतरत नाही. म्हणजे पुन्हा गाडी तिथेच, आधी साधी प्रक्रिया नीट करा.

स्वित्झर्लंडचं नाव परत परत येतंय कारण त्यांनी हे नुसतं लिहिलं नाही, केलं. २०१४ मध्ये झुरिकजवळ ड्युबेनडॉर्फला पहिला पूर्ण आकाराचा ओझोन टप्पा चालू झाला. १ जानेवारी २०१६ पासून कायदा: निवडक प्लांट्सनी ८० टक्के सूक्ष्म प्रदूषकं काढायची, आणि त्यासाठी एसटीपीला जोडलेल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ९ फ्रँकपर्यंत कर. आजच्या भावाने हजार रुपयांच्या आसपास. सगळ्या प्लांटना नाही; मोठे, जिथे नदीत पाणी कमी, किंवा खाली कुणी पिणारं आहे, त्यांना आधी. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये तसाच कायदा केला आणि वर लिहिलं की ह्या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी उचलावा. २०२५ मध्ये कंपन्या कोर्टात गेल्या. अपेक्षितच होतं.

आपल्याकडे २००७ साली हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सामाईक प्रक्रिया प्लांटच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. मिलिग्रॅम, मायक्रो नाही! त्यावर जगभर बोंब झाली. २०२० च्या जानेवारीत कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल ह्याचा मसुदा सरकारने काढला. २०२१ मध्ये अंतिम नियम आला तेव्हा त्यात त्या मर्यादा नव्हत्या. आणि हे झालं कारखान्यांचं. घरोघरच्या बाथरूमचा तर मसुदाही नाही.

"जालन्याला एवढं कशाला पाहिजे? आधी नाल्या तरी झाका," असं माझा एक मित्र म्हणाला. मुद्दा बरोबर आहे आणि मी त्याच्या अर्ध्याशी सहमतही आहे. पण उरलेला अर्धा असा: पाणी जिथे नाही तिथेच सांडपाणी परत वापरावं लागतं. नामिबियाच्या विंडहुकला नदी नाही, म्हणून ते १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पितात. आज त्यांच्या साखळीत ओझोनही आहे, कोळसाही आहे, आणि कारखान्यांचं पाणी त्यांनी मुळात वेगळं ठेवलंय. दुसरं टोक कोलारचं. २०१८ पासून बंगळुरूचं साधी प्रक्रिया केलेलं सांडपाणी, ४४० एमएलडीची योजना, पाइपने कोलारच्या कोरड्या तलावांत सोडतात. बोअर जिवंत झाले, शेतकरी खूश. आणि ह्या पाण्याला तिसरा टप्पा हवाच म्हणून तिथलेच दुसरे लोक अजून भांडतायत, कारण त्याच बोअरचं पाणी लोक पितात. जालना कधीतरी ह्या दोघांपैकी एक होणार. कोणता, ते पाइप टाकायच्या आधी ठरवलेलं बरं.

माझं मत विचाराल तर सरसकट ओझोन लावायला पैसे घालू नयेत. पाणी कुठे जाणार ते आधी बघा. नागपूर भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वीजकेंद्राला देतं, तसं आमच्या रोलिंग मिल्सना थंड करायला द्यायचं असेल तर एक पैसाही औषधांवर खर्च करू नका. सळईला गुडघेदुखीची जेल बाधत नाही. पण तेच पाणी पालक-मेथीला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. गावाखालच्या नाल्यावर मोटर लावून भाजीपाला काढणं आपल्याकडे काही नवीन नाही. २०१६ मध्ये इस्रायलमध्ये ३४ जणांना आठवडाभर पुनर्वापराच्या पाण्यावर वाढलेल्या भाज्या दिल्या, तर त्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन वाढलेलं सापडलं. उपचाराच्या डोसापेक्षा हजारो पटींनी कमी, घाबरायचं कारण नाही. पण एकाने घेतलेली फिट्सची गोळी दुसऱ्याच्या ताटात आली, एवढं नक्की. आणि तेच पाणी जमिनीत मुरवून बोअरला द्यायचं असेल, तर मी कोळशाच्या बाजूने. ऑपरेटरला सांभाळायला सोपा, चुकला तर विष बनवत नाही, आणि लाइट गेली तरी थर जागेवर असतो. ओझोनची मशीन लोडशेडिंगमध्ये फक्त शोभेची.

तोवर घरापुरतं एक करता येतं. जेल लावल्यावर हात लगेच धुवायचे नाहीत, आधी कागदाने पुसायचे, मग धुवायचे. आणि जेल लावल्या लावल्या आंघोळीला जायचं नाही. हे युरोपात सांगतात. मी आजीला फोनवर सांगितलं, टँकरच्या हिशोबासकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, पुसते. पण मग तो कागद कुठं टाकू रे?"

ओल्या कचऱ्यात नाही, एवढं तरी मला सांगता आलं.